बोट लावा, नाव सांगा

डोंबिवली पश्चिमेच्या एका मराठी शाळेतला पहिलीचा वर्ग. बाकं भिंतीकडे सरकवलेली, मुलं सतरंजीवर मांड्या घालून बसलेली आणि जुन्या फळ्यावर टांगलेलं एक मोठं पॅनल. पॅनलवर गोबऱ्या गालांचा एक मुलगा उभा आहे. आतून एक लाडिक आवाज येतो, ‘‘दातांना बोट लावा!’’ वर्गातला एक जण पळत जाऊन बोट लावतो. पडद्यावरचा जबडा उघडतो, दात एकेक करून बाहेर येतात आणि ओळीत उभे राहतात. ‘‘आपल्याला बत्तीस दात असतात. चला, मोजूया!’’

वर्ग मोजू लागतो. बत्तिसाव्या दाताला टाळ्या वाजतात. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी मात्र टाळ्या वाजवत नाही. तिच्या वरच्या ओळीत मधोमध दोन दातांची खिडकी आहे आणि तिची तर्जनी तोंडात फिरते आहे. मोजून झाल्यावर बोट फ्रॉकला पुसत ती म्हणते, ‘‘बाई, माझे एकोणीसच आहेत.’’

मग काय विचारता! सगळ्यांची बोटं तोंडात गेली. कुणाचे वीस निघाले, कुणाचे बावीस, एकाचे चाळीस. शेवटच्या रांगेतला एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, ‘‘माझे कमी भरले.’’

बाईंनी रिमोट उचलला आणि पॅनल बंद केलं. दुधाचे दात वीसच असतात, ते पडतात, सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली पक्की दाढ येते, आणि बत्तीस भरायला कॉलेजात जावं लागतं, काहींचे तर भरतही नाहीत, हे त्यांनी सांगितलं. ‘‘जिभेने मागे चाचपा बरं. कुणाला टोचतंय का काही?’’ वर्ग एकदम गप्प. अठ्ठावीस जिभा कामाला लागल्या होत्या.

या अंकासाठी संपादकांनी ‘देह’ हा विषय दिला, तेव्हा मला आधी संतांचा देह आठवला, मग व्यायामशाळेतला. त्याच संध्याकाळी शेजारच्या घरातून टॅबलेटचा आवाज आला, ‘टच युअर नोज!’ तीन वर्षांच्या मुलाने काचेवरच्या नाकाला बोट लावलं आणि काच ‘व्हेरी गुड’ म्हणाली. त्याचं स्वतःचं नाक तेव्हा चांगलंच वाहत होतं. लेख कुठे आहे ते मला कळलं. मग तीन महिने ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि पुढे शहापूरपर्यंत, लहान मुलांना शरीर शिकवणारी सॉफ्टवेअरं जिथे जिथे चालू असतात तिथे जाऊन बसले.

सीडीतून आलेली बस

हा प्रकार आपल्याला वाटतो तेवढा नवा नाही. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट आणि स्कोलॅस्टिक यांनी ‘द मॅजिक स्कूल बस एक्सप्लोर्स द ह्यूमन बॉडी’ ही सीडी काढली. शाळेची बस मुलांसकट शरीरात शिरते आणि अवयवाअवयवाच्या स्टेशनावर थांबते. त्याच वर्षी डॉर्लिंग किंडर्सलीची ‘द अल्टिमेट ह्यूमन बॉडी’ आली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीत तळमजल्याच्या गाळ्यांतून संगणकाचे क्लास निघाले, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या अशा सीडी तिथे फिरत असत. शनिवारी फी भरून मुलं माउसने माणूस सोलायची.

सोलणं हाच त्या सॉफ्टवेअरचा पाया. कांद्यासारखे थर: वर कातडी, खाली स्नायू, त्याखाली आतडी-फुप्फुसं, तळाशी हाडं. प्रत्येक अवयवाभोवती न दिसणारी एक हद्द आखलेली असते. बोट त्या हद्दीत पडलं की आवाज येतो, बाहेर पडलं की काही होत नाही. शेवटी प्रश्नमंजुषा: सुटा अवयव ओढून नेऊन जागेवर ठेवायचा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टायनीबॉपचं ‘द ह्यूमन बॉडी’ हे ॲप आलं आणि माउसची जागा बोटाने घेतली. चित्रं देखणी झाली. थर, हद्द आणि प्रश्नमंजुषा मात्र तशीच राहिली.

आपल्याकडे ही गोष्ट शाळेच्या दारातून आली. आधी पाठ्यपुस्तकांबरहुकूम तयार केलेले धडे पेनड्राइव्हमधून वर्गातल्या टीव्हीला जोडले गेले. मग ५ सप्टेंबर २०१७ ला केंद्राचा ‘दीक्षा’ हा मंच सुरू झाला आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोडचे काळे-पांढरे चौकोन आले. आता ‘परिसर अभ्यास’ उघडायचं, चौकोनासमोर फोन धरायचा, की शरीर हलू लागतं.

चड्डी न काढणारा बाहुला

हे हलतं शरीर तयार कुठे होतं, हे बघायला वागळे इस्टेटमध्ये गेले. जुन्या कारखान्याच्या गाळ्यात आता काचेची दारं आहेत. तिथे एक ॲनिमेटर वीस वर्षं शाळांसाठी चित्रं हलवतो आहे. मुलांसाठी त्याने किती हृदयं काढली याचा हिशेब त्याच्याकडे नाही.

‘‘मॅडम, आमची निम्मी हयात फ्लॅशमध्ये गेली,’’ तो म्हणाला. ॲडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश प्लेअर बंद केला, आणि जानेवारी २०२१ पासून तो चालेनासा झाला. शाळांनी विकत घेतलेले शेकडो धडे एका रात्रीत मुके झाले. काही शाळांनी त्या धड्यांसाठी जुना संगणक इंटरनेटपासून तोडून कपाटात जपून ठेवला, देव्हाऱ्यातल्यासारखा. बाकीचं सगळं नव्याने करावं लागलं. तेच रेखाटन, तोच आवाज, नवा सांगाडा.

त्याने मला एक फाइल उघडून दाखवली. सहा वर्षांचा बाहुला, लाल चड्डी. उजवीकडे थरांची यादी. त्याने कातडीचा थर बंद केला. स्नायू दिसले आणि चड्डी. स्नायू बंद केले. यकृत, जठर, आतडी आणि चड्डी. तेही बंद केलं. आता नुसता हाडांचा सापळा उभा होता, लाल चड्डी घालून.

मी हसले. तो हसला नाही. ‘‘प्रत्येक वेळी हाच निरोप येतो. थर कुठलाही असो, चड्डी ठेवा. एकदा मी हाडांवरून काढली होती. काय दिसणार हो तिथे? कमरेचं हाड! तरी परत आली फाइल.’’

दुसरा निरोप असतो की अवयव गोड दिसले पाहिजेत. म्हणून यकृताला डोळे, मूत्रपिंडांना जुळ्या बहिणींसारख्या वेण्या. तिसरा रंगाचा. शुद्ध रक्त लाल, अशुद्ध निळं, ही छापील पुस्तकांपासून चालत आलेली रीत. रक्त शरीरात कुठेही निळं नसतं, ऑक्सिजन कमी झाला तर गडद लाल होतं इतकंच. पण चित्रात एक बाजू निळी रंगवली की मूल ते चित्र खरं मानतं. त्यात मनगटावरच्या शिरा निळसर दिसतात, म्हणजे पुरावाही हाताशी. डोंबिवलीच्या त्याच वर्गात मी रक्ताचा रंग विचारला होता. एकाने ठासून सांगितलं होतं, ‘‘एका बाजूला लाल, एका बाजूला निळं.’’ गुडघा फुटला तेव्हा कुठलं आलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘तेव्हा लाल बाजूला पडलो होतो.’’

‘अन्नाचा प्रवास’ हा धडाही त्याने दाखवला. घास तोंडात जातो, घसरगुंडीवरून जठरात येतो, घुसळला जातो, सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात वळणं घेतो, मोठ्या आतड्यात येतो. तिथे पाटी येते, ‘प्रवास संपला!’ आणि संगीत वाजतं. ‘‘संपला कुठे?’’ मी विचारलं. त्याने यादीतल्या लाल थराकडे बोट दाखवलं.

नडगीला ॲपमध्ये जागा नाही

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत आजोबा आणि पाच वर्षांचा नातू दुपारभर एकत्र असतात. आईवडील ऑफिसात, मध्ये टॅबलेट. नातू इंग्रजी माध्यमात जातो. ॲप परदेशी आणि इंग्रजीत, पण काम चोख. त्यातला माणूस धावला की छातीचा भाता जोरात हलतो, त्याच्या पायाला डास चावला की खाज सुटते, घास दिला की चावतो. नातवाला लंग्ज, लिव्हर, किडनी सगळं येतं. ‘स्मॉल इंटेस्टाइन’ तो न अडखळता म्हणतो.

त्या दिवशी तो सोफ्याच्या कोपऱ्यावर आपटला आणि रडत आजोबांकडे आला. ‘‘लेग दुखतोय.’’

‘‘कुठे रे? ढोपर? नडगी? पोटरी? घोटा?’’

नातू रडायचा थांबला आणि बघत राहिला. लेगचे एवढे तुकडे असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आजोबांनी मग एकेका जागी बोट टेकवून विचारलं. नडगीवर बोट येताच तो पुन्हा ओरडला. निदान झालं.

मराठीत शरीराचा नकाशा फार बारकाईने काढलेला आहे. कानशील, हनुवटी, टाळू, मनगट, करंगळी, बेंबी, बरगडी, जांघ, टाच. बाळाची टाळू भरते, म्हाताऱ्याचं कंबरडं मोडतं, चालणाऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात. हे शब्द तेल लावताना, न्हाऊ घालताना, पडल्यावर फुंकर घालताना मुलाच्या कानावर पडायचे. शब्द आणि स्पर्श एकाच वेळी अंगाला लागत. मराठी सॉफ्टवेअरांत यातले फारसे भेटत नाहीत. बाहेरून हात, पाय, पोट, पाठ. आतून थेट जठर, यकृत, स्वादुपिंड. मधली वस्ती गायब. कारण बहुतेक ठिकाणी इंग्रजी यादी आधी तयार होते आणि मराठी शब्द तिच्यासमोर भरले जातात.

त्यात आपली स्वतःची एक गंमत आहे. काळीज. खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृत देतो, पण ‘काळीज धडधडतं’ म्हणताना हात छातीच्या डाव्या बाजूला जातो. आजोबांनी नातवाला सांगितलं, ‘‘लिव्हर म्हणजे काळीज.’’ नातवाने विचारलं, ‘‘मग आजी मला काळजाचा तुकडा म्हणते, म्हणजे मी लिव्हर?’’ आजोबांकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

आगरी-कोळी घरातली मुलं तर आणखी एक बोली घेऊन वर्गात येतात. त्यांच्या घरी डोळा नसतो, डोला असतो. पॅनल तो ऐकत नाही. बाईंनी ऐकला तर ठीक.

पोटात आख्खा वडापाव

सॉफ्टवेअर बघून मुलांना नक्की काय समजतं, हे विचारून कळत नाही, कारण मुलं पडद्याचीच वाक्यं परत म्हणतात. म्हणून कल्याणमधल्या एका शाळेत तिसरीच्या मुलांना मी माणसाची नुसती बाह्यरेषा काढलेले कागद दिले आणि सांगितलं, आत काय काय आहे ते काढा. या वर्गाने अन्नाचा प्रवास दोनदा पाहिला होता.

मेंदू शेवयांच्या वाटीसारखा आला. हृदय झाडून सगळ्यांनी पत्त्यांतल्या बदामासारखं काढलं. हाडं कुत्र्याच्या बिस्किटासारखी, दोन्ही टोकांना गाठी असलेली आणि एकमेकांना न जोडलेली, जणू सांडलेली. एका मुलाने पोटात आख्खा वडापाव काढला होता, मिरचीसकट. पण तोंड आणि पोट यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

‘‘हा पोटात गेला कसा?’’

‘‘गिळला की पडतो.’’

‘‘मग पुढे?’’

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘‘शी होते.’’

‘‘कुठून जाते ती?’’

तो कागदाकडे बघत राहिला. पडद्यावर तिथे संगीत वाजलं होतं.

मायकेल रीस आणि स्यू डेल टनिक्लिफ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह ११ देशांतल्या ७ आणि १५ वर्षांच्या मुलांकडून अशीच चित्रं काढून घेतली होती. सुटे अवयव बऱ्याच मुलांना ठाऊक होते. ते एकमेकांना जोडून संस्था कशी बनते, हे मात्र फार कमी चित्रांत उतरलं. आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास आणि सिंधू मथाई यांनी शरीरसंस्थांच्या आकृत्यांवर उच्च प्राथमिक वयाच्या मुलांबरोबर काम केलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसतं, की जे मुलांना शब्दांत सांगता येत होतं, ते आकृतीत दाखवणं त्यांना जड जात होतं. चित्र पाहिलं म्हणजे समजलं, हा मोठ्यांचा समज. आकृती वाचणंसुद्धा शिकावं लागतं, अक्षरासारखं.

लहान मुलांकडे स्वतःचं एक शरीरशास्त्र असतंच. जपानचे गियू हातानो आणि कायोको इनागाकी यांनी दाखवलं, की पाच-सहा वर्षांची मुलं शरीराचा विचार जीवनशक्तीच्या भाषेत करतात: अन्नातून जोम येतो, तो अंगभर फिरतो. कल्याणच्या त्या वर्गातल्या एका मुलीने पोटापासून पायापर्यंत पिवळा पट्टा ओढला होता. काय आहे हे, विचारलं तर म्हणाली, ‘‘पोळीची ताकद. पायात चाललीय.’’ तिच्या चित्रात आतडी नव्हती, पण काहीतरी कुठूनतरी कुठेतरी जात होतं. त्या ढिगातलं ते एकमेव जोडलेलं शरीर होतं.

आसनगावच्या पुढे

कसारा लोकल आसनगावला रिकामी होत जाते. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी गावाच्या मदतीने टॅबलेट आणले आणि ही छोटी शाळा राज्यभर गाजली. ‘पष्टेपाडा पॅटर्न’ बघायला गाड्या भरभरून शिक्षक येऊ लागले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर बसले. लोकवर्गणी म्हणजे कुणी शंभर रुपये, कुणी तांदळाचं पोतं.

मी गेले ती शाळा त्याच तालुक्यातली, वेगळी. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता. फोनला रेंज हवी असेल तर हापशीपाशी उभं राहायचं. गुरुजी घरून व्हिडिओ उतरवून आणतात. पण त्या दिवशी त्यांनी टीव्हीचं बटण लावायच्या आधी मुलांना बाहेर काढलं.

‘‘छातीवर हात. काय होतंय?’’ काही होत नव्हतं. ‘‘आता वडाला पाच फेऱ्या. पळा!’’ मुलं धुरळा उडवत पळाली आणि धापा टाकत परतली. ‘‘आता हात ठेवा.’’ चेहरे बदलले. एक मुलगी दोन्ही हात छातीवर दाबून उभी राहिली, आत पकडलेलं पाखरू असावं तशी. गुरुजींनी फोनवर अर्धं मिनिट लावलं, सगळ्यांनी ठोके मोजले, तिसरी-चौथीच्यांनी दुप्पट केले. आकडे सत्तरपासून दीडशेपर्यंत गेले. चुकलेही असतील. गुरुजींनी ते सगळे भिंतीवर लिहिले. मग पाण्याची बाटली बुडाला कापून, आत एक फुगा आणि खाली ताणलेला दुसरा, असं फुप्फुस करून दाखवलं. खालचा रबर ओढला की आतला फुगा फुगतो. प्रत्येकाने एकदा ओढून पाहिलं.

टीव्ही शेवटी लागला. पडद्यावर हृदय उघडझाप करू लागलं, झडपा हलल्या, रक्त पुढे गेलं. तीच मुलगी अजून छातीवर हात ठेवून होती. म्हणाली, ‘‘गुरुजी, हा माझ्यापेक्षा हळू चालतोय.’’

मी पाहिलेल्या सगळ्या वर्गांत पडद्याची बरोबरी स्वतःच्या अंगाशी करणाऱ्या दोनच मुली भेटल्या. एकीने दात मोजले, दुसरीने ठोके. डोंबिवलीत ते आपसूक घडलं होतं. इथे गुरुजींनी आधी अंग जागं केलं, मग चित्र दाखवलं. चित्राने आपलं काम चोख केलं, कारण झडप कशी मिटते हे वडाला फेऱ्या मारून कधीच दिसलं नसतं.

ताईंच्या फोनमधलं मूल

कल्याण पूर्वेच्या चाळींमधली एक अंगणवाडी. भिंतीवर फळांचा तक्ता, भाज्यांचा तक्ता आणि ‘माझे शरीर’. कोपऱ्यात वजनकाटा. इथे मुलांसाठी सॉफ्टवेअर नाही. पण ताईंच्या हातातल्या फोनमध्ये या सगळ्या मुलांची शरीरं आहेत. दर महिन्याला उंची आणि वजन ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरायचं. २०२१ साली हे ॲप आलं तेव्हा ते इंग्रजीत असल्याची आणि दिलेले फोन चालत नसल्याची तक्रार करत राज्यभरातल्या सेविकांनी फोन परत केले होते. आता सवय झाली आहे. फक्त फोन मुलाला हे काही सांगत नाही. ताई सांगतात. उंचीच्या पट्टीला टाचा टेकवून त्या म्हणतात, ‘‘अरे वा, दिवाळीपासून दोन बोटं वाढलास!’’ मूल स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून खात्री करून घेतं.

‘अंगणवाडी’ ही कल्पनाच या जिल्ह्याची. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत ठाण्यातच होता. पाड्यावरच्या मुलांना शाळेत आणायच्या ऐवजी शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, आणि दिवसाची सुरुवात तोंड धुणं, नखं कापणं, केस विंचरणं यांनी करायची. कान, मान, नख, टाच हे शब्द पाण्याच्या तांब्याबरोबर शिकले जायचे. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमधूनच सुरू झाला. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वयासाठी पंचकोशांची भाषा आली आहे, २०२३ मध्ये खेळण्यांचा ‘जादुई पिटारा’ आला. कोसबाडच्या अंगणात पिटारा म्हणजे कंगवा, नखं कापायची कात्री आणि पाण्याने भरलेली बादली.

जिथे बोट लावलं तरी आवाज येत नाही

लेखाचं काम संपत आलं तेव्हा मी डोंबिवलीच्या बाईंकडे परत गेले. वर्ग सुटला होता. पॅनलवर तो गोबऱ्या गालांचा मुलगा होता. मी कपाळाला बोट लावलं, त्याने नाव सांगितलं. खांदा, पोट, बेंबी. बेंबीला तो खुदकन हसला. त्याखाली बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काच गप्प. एकदम मांडीवर आवाज आला, ‘मांडी!’

‘‘मुलंही तिथे बोट लावून बघतात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आवाज आला नाही की एकमेकांकडे बघून हसतात. म्हणजे धडा मिळालाच ना त्यांना? या जागेला नाव नाही, हिच्याबद्दल बोलायचं नाही.’’

इथून बदलापूर तीस मिनिटांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रुळांवर बसले आणि दिवसभर लोकल बंद होत्या. त्यानंतर शाळाशाळांतून सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, सखी सावित्री समित्या यांची धावपळ झाली. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’चे व्हिडिओ पॅनलवर आले. बाईंना त्यांतही तीच अडचण दिसते. व्हिडिओतला बाहुला सांगतो, चड्डीच्या आतल्या जागेला कुणी हात लावायचा नाही. पण त्या जागेला म्हणायचं काय? घरात बाळशब्द, रस्त्यावर शिव्या, पुस्तकात संस्कृत. चार वर्षांच्या मुलीला काही सांगायचं असेल तर तिच्याकडे साधा, सगळ्यांना कळणारा शब्द हवा. नाही तर ती ‘पोटात दुखतं’ एवढंच सांगते, आणि आपण ओवा देतो. मुलांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ मध्ये आला, १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलांना पाठ करवतात. पण फोन लागल्यावर वाक्य जुळवायला शब्दच लागतात.

‘‘तुम्ही काय करता मग?’’ मी विचारलं.

‘‘उद्या या,’’ त्या म्हणाल्या.

खडूचं माणूस

दुसऱ्या दिवशी पॅनल बंद होतं. एकोणीस दातांची मुलगी वर्गाच्या मधोमध फरशीवर उताणी झोपली होती, हात-पाय पसरून, हसू दाबत. बाईंनी खडूने तिच्याभोवती रेघ काढली. ती उठली, आणि फरशीवर पहिलीतल्या एका मुलीएवढं माणूस उरलं. पॅनलवरच्यासारखं ठरीव मापाचं नाही, वर्गातल्या एका मुलीच्या मापाचं.

मग एकेकाने यायचं, आधी स्वतःच्या अंगावर बोट ठेवायचं, नाव सांगायचं, आणि खडूच्या माणसात त्या जागी खूण करायची. नाव बाई लिहायच्या. कान. मान. कोपर. एकाने ‘डोला’ म्हटलं, बाईंनी ‘डोळा’ लिहिलं आणि शेजारी ‘डोला’ही. दात काढायला मुलगी स्वतः बसली. वर दोन जागा सोडून तिने एकोणीस टिकल्या दिल्या.

बेंबी झाल्यावर एका मुलाची पाळी आली. तो खडू घेऊन पुढे आला आणि थांबला. वर्गाला कळलं. खसखस पिकली. बाईंचा आवाज नेहमीसारखाच होता. ‘‘हं, तिथलं नाव काय म्हणता घरी?’’ तो पुटपुटला, ‘‘शूची जागा.’’ ‘‘बरोबर. शूची जागा. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. मागे शीची जागा. पोळीचा प्रवास तिथे संपतो. ही आपली स्वतःची जागा, कुणी तिला त्रास दिला तर हेच नाव घेऊन मला किंवा आईला सांगायचं. मोठे झालात की पुस्तकातली नावंही कळतील. आता सगळ्यांनी म्हणा.’’

वर्गाने म्हटलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा कमी हसत. बाईंनी ते इतर शब्दांएवढ्याच अक्षरात लिहिलं, ना मोठं ना बारीक. मुलाने हात झटकले आणि जागेवर जाऊन बसला. मागच्या रांगेतून पुढचा उठला. त्याने आपला पाय वर घेतला, गुडघ्याखाली बोट टेकवलं आणि विचारलं, ‘‘बाई, इथे काय म्हणायचं?’’

‘‘नडगी,’’ बाई म्हणाल्या, आणि खडू त्याच्या हातात दिला.